पट्टी आली

सांगलीच्या हळदवखार बोळात सुकुमारअण्णा चौगुल्यांचा स्टुडिओ होता. पूर्वी ती हळदीची वखार होती. पोती गेली, पण भिंतींत मुरलेली हळद काही गेली नाही. भिंतीला टेकून बसलेल्या माणसाची पाठ पिवळी व्हायची. लग्नाची फिल्म करून घ्यायला आलेलं गिऱ्हाईक असलं की अण्णा म्हणायचे, "बरं झालं, तुमची हळद इथंच उरकली."

लग्नाच्या फिल्म्स, दुकानांच्या जाहिराती, शाळांसाठी कार्टून आणि वर्षातून एकदा बोळाच्या गणपतीसमोर दाखवायचा ॲनिमेशनचा देखावा, अशी कामं तिथं चालायची. सगळी कामं शेवटी एकाच ठिकाणी येऊन अडायची. रेंडरला.

रेंडर म्हणजे काय असं कुणी विचारलं तर अण्णा सांगायचे, "आम्ही कॉम्प्युटरला फक्त सांगतो, इथं माणूस उभा आहे, इथं दिवा आहे, इथं पाणी आहे. चित्र त्यानं काढायचं. दिव्यातनं निघालेला उजेड भिंतीवर आपटला, तिथनं माणसाच्या गालावर गेला, गालावरनं पाण्यात शिरला, पाण्यात वाकला, तळाला जाऊन परत वर आला. ह्या सगळ्याचं गणित, एकेका किरणाचं. तेव्हा कुठं एक चित्र होतं. आणि पापणी लवेपर्यंत असली कितीतरी चित्रं डोळ्यांपुढनं जातात. मग वेळ लागणार नाही तर काय?"

वेळ लागायचाच. पडद्यावर एक निळी पट्टी यायची आणि मुंगीच्या चालीनं भरत जायची. मधेच कुणाला वाटलं की अमक्याचा फेटा लाल नको, भगवा पाहिजे, की पट्टी पुन्हा पहिल्यापासून.

त्या पट्टीपायी स्टुडिओत एक रीत पडली होती. ती पाडली अण्णांच्या बायकोनं, विमलताईंनी. देखावा बघायला मंडळाची माणसं आली की ताई सगळ्यांना एका ताडपत्रीवर बसवायच्या, मधे भडंगाची परात ठेवायच्या आणि सांगायच्या, "पट्टी भरेपर्यंत कुणी उठायचं नाही. काय भांडायचं ते इथं भांडा, आणि एकच काय ते ठरवून सांगा."

मंडळात निम्मे हळदीचे अडते आणि निम्मे हमाल. एरवी एका ताडपत्रीवर बसायचा प्रसंग यायचा नाही. पण बदल सांगितला की दिवस जातो हे ठाऊक असल्यामुळं माणसं आपसांत भांडून घ्यायची, आणि परात रिकामी होईतो त्यांचं जमायचं. जमलं की अण्णा रेकॉर्डर चालू करायचे आणि सूचना टिपून घ्यायचे, कारण मंडळातली माणसं दुसऱ्या दिवशी "मी असं म्हणालोच नव्हतो" म्हणण्यात पटाईत होती. ताडपत्रीवरचं बोलणं मात्र ताई टिपू द्यायच्या नाहीत. माणूस खात असताना त्याचं बोलणं पकडू नये, असं त्यांचं म्हणणं.

ताई जाऊन आता तिसरं वर्ष लागलं होतं. भडंग दुकानातून येऊ लागलं. पण पट्टी होती तोवर माणसं येत होती, बसत होती आणि अण्णांचा दिवस सरत होता.

मग त्यांच्या मुलीनं, पद्मजानं, 'अगोदर' आणलं.

त्या यंत्राचं खरं नाव लांबलचक होतं. पुण्याच्या एका नव्या कंपनीनं ते काढलं होतं. दिसायला तांदळाच्या डब्याएवढं. पद्मजानं त्याचं काम समजावून सांगितलं आणि त्यातूनच बोळानं त्याचं बारसं केलं.

"पप्पा, रेंडर लवकर व्हावं म्हणून आजवर सगळ्यांनी काय केलं? मशिनं वाढवली, ताकद वाढवली. हे तसं नाही. हे पळत नाही जोरात. हे आधी निघतं."

"म्हणजे काय करतं?"

"कोपऱ्यावरचा शंकर तुम्हाला बोळाच्या तोंडाशी बघतो आणि बिनसाखरेचा चहा ओततो. तुम्ही पोचता तेव्हा चहा तयार. त्यानं चहा भरभर केला का? नाही. अगोदर केला."

यंत्राचं तत्त्व तेवढंच होतं. तुम्ही फिल्मवर काम करताना ते बघत बसायचं. आधी कुणी काय बदल सांगितले, कुठल्या चित्रावर कुणाची नजर थांबली, काय बोलताना आवाज चढला, ह्यावरून ते अंदाज बांधायचं की आता हा माणूस काय मागणार. एक नाही, हजारो अंदाज. आणि कुणी काही मागायच्या आतच ते सगळं रेंडर करून ठेवायचं, छतावरच्या सोलरवर, दिवसरात्र. बहुतेक अंदाज वाया जायचे. पण जो लागायचा तो तुम्ही तोंड उघडेपर्यंत हजर असायचा. अंदाजात नसलेलं कुणी मागितलंच तर जुनी पट्टी यायची. पण कंपनीचा माणूस म्हणाला, "ती वेळ येत नाही हो. माणसांना वाटतं आपण काहीतरी वेगळं मागतोय. तसं नसतं."

यंत्राला शिकवायला जुनं बोलणं लागतं म्हणून अण्णांनी टिपून ठेवलेल्या सगळ्या सूचना त्याला दिल्या. डबा दोन दिवस गप्प बसून ऐकत राहिला आणि मग कामाला लागला.

पहिले दिवस मजेत गेले. नवरदेवाचे मामा फिल्म बघायला आले. "सगळं छान आहे, फक्त मी जरा…" एवढं म्हणाले तोवर पडद्यावर मामा जरा जास्त वेळ दिसायला लागले होते. सोनाराच्या जाहिरातीत सोनार म्हणाला, "चमक…" आणि चमक वाढली. पद्मजा हसून हसून बेजार व्हायची. अण्णांचं स्वतःचंही तेच. उजेड डावीकडून आणायला म्हणून माऊसला हात लावावा, तर उजेड डावीकडून आलेला.

"पप्पा, तुम्हाला पण ओळखलंय त्यानं."

"ओळखलंय म्हणजे काय? मला काही करायलाच उरलं नाही. नुसतं हो म्हणायला बसलोय."

आणि गिऱ्हाईक थांबेना. यायचं, बघायचं, हवं ते मिळायचं, जायचं. ताडपत्री गुंडाळून कोपऱ्यात गेली. चार वाजता हातात काम नसायचं आणि समोर माणूस नसायचा.

"आराम करा की," पद्मजा म्हणायची.

"आरामच करतोय. त्याचाच कंटाळा आलाय."

तेवढ्यात गणपती जवळ आले. मंडळाचं सुवर्णमहोत्सवी वर्ष. देखावा मंडळाच्याच गोष्टीवर करायचा ठरलं होतं. गोष्ट बोळातल्या प्रत्येकाला पाठ होती. बापजाद्यांच्या वेळी एकदा गणपतीत कृष्णेचं पाणी बोळात शिरलं, वखार बुडाली, आणि माणसांनी पाण्यात उभं राहून मूर्ती हळदीच्या पोत्यांच्या थप्पीवर चढवली. मूर्ती वाचली. आता प्रश्न एवढाच होता की पुढं कोण होतं.

मंडळाचे अध्यक्ष बापूसाहेब आवटी, अडते. त्यांच्या घरची गोष्ट अशी की त्यांचे वडील सगळ्यात पुढं होते, वखार त्यांची, हुकूम त्यांचा. सेक्रेटरी सिद्राम ऐवळे, हमालांचा पुढारी. त्याच्या घरची गोष्ट अशी की त्याचा बाप गळ्याएवढ्या पाण्यात उभा होता आणि बाकीचे हुकूम सोडत होते.

पूर्वी असता तर हा वाद ताडपत्रीवर दोन परातींत मिटला असता. आता बापूसाहेब सकाळी एकटेच आले. त्यांनी घसा साफ केला, आणि पडद्यावर त्यांचे वडील पुढं, फेटा बांधून. खूश होऊन क्लिप फोनवर घेऊन गेले. संध्याकाळी सिद्राम एकटाच आला. त्याचा बाप पुढं, गळ्याएवढ्या पाण्यात, दंडाचे स्नायू दिसतायत. तोही क्लिप घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी बोळात दोन फिल्म्स फिरत होत्या, तिसऱ्या दिवशी लोक दोन मंडपांबद्दल बोलायला लागले. वरच्या तोंडाला एक, खालच्या तोंडाला एक.

"पप्पा, दोन्ही तयार आहेत," पद्मजा म्हणाली. "दोघांना देऊन टाकू. ज्याला जे पाहिजे ते मिळतंय. तुम्ही का कष्टी होताय?"

अण्णांनी कोपऱ्यातल्या ताडपत्रीकडं बघितलं. मग म्हणाले, "पूर्वी ह्यांना भांडण परवडत नव्हतं, म्हणून मिटवायचे. दुसरी फिल्म करायला वेळच नसायचा. आता भांडण परवडायला लागलंय. दोन मंडप झाले की झाले, पद्मा. पुढच्या वर्षी तीन होतील. ह्या बोळात मग आपण जायचं कुणाकडं?"

बोळाशिवाय अण्णांना आता दुसरं घर नव्हतं, हे पद्मजाला कळत होतं.

अण्णांनी दोघांना निरोप धाडला. फिल्म पाहिजे असेल तर दोघांनी एकत्र यायचं, नाहीतर कुणालाच मिळणार नाही. चतुर्थी दोन दिवसांवर आली होती. दोघं आले, आपापली चार माणसं घेऊन. अण्णांनी ताडपत्री अंथरली. अडते ह्या टोकाला बसले, हमाल त्या टोकाला, मधे बैल बसेल एवढी जागा.

आणि पद्मजाकडून चूक झाली. यंत्राची अंदाजांची चौकट एरवी फक्त तिच्या छोट्या पडद्यावर दिसायची. घाईत तिनं ती मोठ्या पडद्यावर टाकली. सगळ्यांसमोर मोठ्या अक्षरांत उमटलं:

बापूसाहेब – 'वखार कुणाची होती ते आधी बघा' – तयार.

बापूसाहेब त्याच क्षणी तोंड उघडून "वखार कुणाची…" एवढं म्हणाले होते. ते थांबले.

"हे काय आहे?"

"अंदाज आहेत," पद्मजा खाली बघत म्हणाली.

"कुणाचे?"

"तुमचे."

"म्हणजे मी काय बोलणार ते ह्या डब्याला माहीत?"

"मालक," सिद्राम म्हणाला, "ते बोळातल्या कुत्र्यालाबी म्हाईत हाय."

"हसतोस काय? तुझं वाच की खाली."

खाली लिहिलं होतं: सिद्राम – 'घाम आमचा आणि हार तुमचा' – तयार. सिद्रामच्या माणसांतच कुणीतरी फिसकन हसलं. सिद्राम वळून बघायला लागला, तोवर पडद्यावर आलं: 'कोण हसलं रं?' – तयार.

मग मात्र दोन्ही टोकांना हसू फुटलं. फक्त बापूसाहेब हसले नाहीत. बाजारात त्यांचा भाव कुणाला आधी कळायचा नाही अशी त्यांची ख्याती होती. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"पद्मजा, त्या पुरात हत्ती घाल."

हत्ती आला. सोंड वर करून पाण्यातून चालत आला.

"मागं एकदा तुम्ही राजाच्या देखाव्यात हत्ती मागितला होता," पद्मजा ओशाळून म्हणाली. "दोनदा."

"थांबा मालक, मी बघतो," सिद्राम पुढं सरकला. "पानी उलटं जाऊ दे. घाटाकडनं वर."

पाणी उलटं गेलं. कधीतरी चिडून तो तसं म्हणाला होता, आणि रेकॉर्डर चालू होता.

छपरावर मोर मागितला, मोर आला. सगळं काळंपांढरं मागितलं, झालं. दोघांचे बाप बरोबरीनं पुढं, असं कुणीतरी मागून म्हणालं, तेही तयार होतं. ते बघून दोघांनीही तोंडं फिरवली. बापूसाहेब उठून सिद्रामच्या टोकाला जाऊन बसले आणि त्याच्या कानात काहीतरी कुजबुजले. सिद्राम म्हणाला, "न्हाई, ते त्याला कळंल. दुसरं काढा." अण्णा आत जाऊन परात घेऊन आले. कुणाचं लक्षही गेलं नाही. हात आपोआप परातीत जायला लागले. यंत्राला चकवायच्या नादात ताडपत्रीच्या मधली जागा कधी भरली ते कुणाला कळलं नाही.

तासभर झगडून बापूसाहेब थकले. भडंगातला शेंगदाणा निवडत ते सहज म्हणाले, "सिद्राम, तुझा बाप खरंच गळ्याएवढ्या पाण्यात होता?"

"व्हता की."

"काय सांगायचा?"

"काय न्हाई. पुराचं नाव काढलं की उठून जायचा. एकदाच बोलला. म्हनला, सगळी मानसं देवाकडं बघत व्हती, आन देव वर बघत व्हता."

"वर?"

"मूर्ती आडवी केलती न्हवं."

"हो, आडवीच," बापूसाहेब म्हणाले. "पाट मोडला होता. आमचे वडील सांगायचे, पाट मोडला तेव्हा सगळे एकदम ओरडले."

"तुमच्या वडलांनी पाट मोडल्याचं सांगितलं तुमाला? आमाला म्हाईत न्हाई ते."

"आणि देव वर बघत होता हे मला माहीत नव्हतं." बापूसाहेबांनी छपराकडं बघितलं. "वर काय दिसत असेल?"

"छप्पर. छपराच्या भोकातनं पाऊस. आन हात, दुसरं काय."

"कुणाचे हात?"

"आता आडवं पडून वर बघितल्यावर कुणाचे ते काय कळतंय, मालक? हात म्हंजी हात."

बापूसाहेबांनी पद्मजाकडं बघितलं. "ते दाखव. देवाला जे दिसलं ते."

पद्मजानं बटण दाबलं. पडदा काळा झाला. काहीच येईना. मग खालच्या अंगाला एक बारीक निळी रेघ उमटली.

"पट्टी आली," पद्मजा हळूच म्हणाली.

सिद्रामनं बापूसाहेबांचा हात धरून गदागदा हलवला, आणि अध्यक्षपदाची निवडणूक जिंकल्यावरही बापूसाहेब कधी हसले नसतील असे हसले.

असं का झालं ते पद्मजानं नंतर तपासलं. यंत्राला बापूसाहेब माहीत होते, सिद्रामही माहीत होता. पण एकाचं ऐकल्यावर दुसरा काय म्हणेल, हे त्यानं कधी ऐकलंच नव्हतं. तसलं बोलणं ताडपत्रीवर व्हायचं, आणि तिथं रेकॉर्डर बंद असायचा. शिवाय कॅमेरा मूर्तीच्या डोळ्यांत ठेवून छताकडं बघायचा म्हटल्यावर आधीचं काहीच कामाला येत नव्हतं. वखारीचं छप्पर आतून, हातांची खालची बाजू, लेन्सवर पडणारा पाऊस, हे सगळं नव्यानं, किरण किरण मोजून करावं लागणार होतं.

"कधी होईल?" सिद्रामनं विचारलं.

पद्मजानं हिशेब बघितला आणि तिचा चेहरा उतरला. "असंच चालू ठेवलं तर चतुर्थी उलटून जाईल. डब्याची निम्मी ताकद अंदाजांत चाललीय आणि जागा त्या दोन फिल्म्सनी अडवलीय. अंदाज बंद केले, आणि दोन्ही फिल्म्स पुसल्या, तर चतुर्थीच्या संध्याकाळपर्यंत होईल. पण मधे काही बिघडलं तर परत करायला वेळ नाही. हातात काहीच राहणार नाही."

सगळे अण्णांकडं बघायला लागले. अण्णांनी बापूसाहेबांकडं बघितलं, मग सिद्रामकडं.

"फिल्म्स तुमच्या आहेत. तुमचे वडील आहेत त्यात. मी हात लावणार नाही."

बापूसाहेबांनी टोपी डोक्यावर ठेवली, परत काढली. पडद्यावरच्या त्या वडिलांचा फेटा त्यांना फार आवडला होता. फोनवरची क्लिप धुरकट होती, मंडपाच्या पडद्यावर चालण्यासारखी नव्हती.

"सिद्राम, काय करायचं?"

"तुमी आधी म्हना."

"तूच म्हण. मी म्हटलं तर डब्याला कळेल."

सिद्राम हसला. "पूस गं पद्मजा. दोनीबी."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून स्टुडिओ भरला. पट्टी कुठवर आली ते बघायला जो येई तो बसून राही. बायकांनी दुर्वा निवडायला आणल्या. हमालांची पोरं मंडपाची झालर शिवत बसली. बापूसाहेबांची सून सगळ्यांना चहा विचारत होती आणि शंकर किटली घेऊन खेपा घालत होता. मंडप एकच उभा राहिला, बोळाच्या बरोबर मधे, त्यामुळं दोन्ही तोंडांकडून गाड्या बंद झाल्या आणि सगळ्यांनी मिळून पोलिसाची बोलणी खाल्ली. दुपारी वीज गेली तेव्हा अख्खा बोळ पडद्याभोवती जमला. सोलर चालू होतं. पट्टी हलली नाही असं वाटलं, मग हलली.

अण्णा एका बाजूला बसून तयार झालेली चित्रं एकेक करून बघत होते. छप्पर झकास आलं होतं. पाऊस असा येत होता की डोळे मिटावेसे वाटत. आणि वरून वाकलेले हात, दहाबारा, चिखलानं आणि हळदीनं माखलेले. अण्णा बघत राहिले. काहीतरी खटकत होतं. मग त्यांच्या ध्यानात आलं की सगळे हात पुरुषांचे आहेत.

त्यांनी जुन्या फाइलींत शोधलं. कधीकाळी शाळेच्या एका कार्टूनसाठी, भाकरी थापणारी आई दाखवायची म्हणून, त्यांनी विमलताईंचा हात स्कॅन करून घेतला होता. तो निघाला. मनगट जरा जाड, अंगठ्याजवळ भाजल्याची खूण. त्यांनी तो इतर हातांच्या मधे ठेवला, हिरव्या बांगड्या घातल्या आणि मूर्तीच्या सोंडेखाली येईल असा वळवला.

"पप्पा, पट्टी मागं गेली," पद्मजा पलीकडून ओरडली. "कुणी हात लावला?"

"मी."

"आत्ता? तुम्हाला कळतंय का किती…" ती तरातरा आली आणि पडद्याकडं बघून थांबली. खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. मग म्हणाली, "बांगड्या कोरड्या दिसतायत. पावसात आहेत ना. ओल्या पाहिजेत."

"मग अजून मागं जाईल."

"जाऊ दे. हा हात दिसतो तेवढीच चित्रं परत होतील." तिनं खुर्ची ओढली आणि बापाशेजारी बसून बांगड्यांवर पाणी चढवायला लागली. ह्यातलं काहीही डब्याला आधी सुचलं नसतं, असं ती मधेच म्हणाली. अण्णा म्हणाले, "मलाही कुठं सुचलं होतं."

चतुर्थीला संध्याकाळी आरतीचं ताट फिरत असताना पट्टी भरली. पद्मजा पळत मंडपात आली.

बोळात माणूस मावत नव्हता. पडद्यावर आधी पाणी आलं, मग आरडाओरडा, मग पाट मोडल्याचा आवाज, आणि एकदम सगळं वर फिरलं. छप्पर. पाऊस. हात. पुढं बसलेल्या पोरांनी माना वर केल्या. हात वाकत होते, घसरत होते, परत धरत होते, आणि छप्पर हळूहळू जवळ येत होतं. एवढंच होतं. माणसाचं तोंड एकाचंही नव्हतं.

फिल्म संपली आणि भांडण सुरू झालं.

"तो अंगठीवाला हात आमच्या वडिलांचा," बापूसाहेब म्हणाले.

"अंगठी सोडा, त्याच्या शेजारचा बघा, त्यो आमचा बा."

"शेजारचा माझ्या आज्ज्याचा आहे," मागून तिसराच कुणी म्हणाला. गर्दीतून हात उठले, जो तो पडद्याकडं बोट दाखवून आपला हात सांगायला लागला. परत लाव, परत लाव, असा गलका झाला. पद्मजानं परत लावली.

सिद्रामची आई, गौराबाई, दुपारीच लेकीच्या गावाहून आली होती. ती पुढं खाली बसली होती. हिरव्या बांगड्यांचा हात आला तसं ती म्हणाली, "ह्यो माजा."

"आये, तुजा कुठला," सिद्राम म्हणाला. "तू कुठं व्हतीस तितं?"

"मग भाकरी घिऊन कोन आलतं? दोन दिस उपाशी उभी ऱ्हायली असती व्हय ही? पाट मोडला तवा सोंड खाली गेली. ह्या सगळ्या बाप्यांनी अंग धरलं, सोंड कुनी धरली न्हाई. मी टोपली टाकली आन खाली हात घातला."

बापूसाहेब पुढं आले. "काकू, हे कधी सांगितलं नाहीत तुम्ही."

"कुनी इचारलं?"

अण्णा तिच्याजवळ जाऊन खाली बसले.

"आज्जी, बांगड्या हिरव्याच होत्या का?"

"हिरव्याच. पर एवढ्या न्हाईत. दोन फुटल्या त्यात."

अण्णांनी पडद्याकडं एकदा बघितलं. मग मागं वळून म्हणाले, "पद्मा, उद्याच्याला दोन बांगड्या कमी कर."

पद्मजा उठली. म्हातारी टोपलीत कसल्या कसल्या भाकऱ्या होत्या ते सांगायला लागली, आणि बापूसाहेबांनी स्वतःची खुर्ची उचलून तिच्यासाठी पुढं आणली.